खरेदी आणि विक्री यांच्या मधे

मोरजीच्या नाक्यावर, भाड्याच्या स्कुटरींना लागून आमचं दुकान:
एक काउंटर, नोटा मोजायचं यंत्र, आणि बाहेर पांढरा फळा.
साडेनऊला मी निळ्या मार्करने दर लिहितो.
दोन रकाने. खरेदी. विक्री.
मधे उरतात तीस-चाळीस पैसे.
मुलीची फी, भावाचं डायलिसिस, दुकानाचं भाडं,
सगळं त्या फटीत दाटीवाटीने राहतं.

मालक विश्रामबाब म्हणतात,
हात हलका ठेव लिहिताना. पुसावं लागतं.

आधी वाटायचं, रुपया म्हणजे माप, शेर-पायलीसारखं.
आता कुणी म्हणालं, रुपया पडला,
की मी विचारतो, कुणाच्या मानाने?
एकट्याने पडता येत नाही कुणालाच.

येनला आमच्या फळ्यावर ओळसुद्धा नाही.
जपानी माणूस या काउंटरवर मी पाहिलेला नाही.
तरी एका सोमवारी तिकडे व्याज चिमूटभर वाढलं,
आणि स्वस्तातला येन उसना घेऊन
ज्यांनी परक्या अंगणात मांडव घातले होते
त्यांना एकदम देणेकरी आठवले.
मिळेल त्या भावाने विकत सुटले:
मेक्सिकोचे रोखे, अमेरिकेतल्या बड्या कंपन्या,
आणि आपल्याकडचे काही शेअर,
ज्यात विश्रामबाबांच्या धाकट्याचं लग्न ठेवलेलं होतं.
दुपारपर्यंत त्यांच्या हातातलं शहाळं तसंच.
कोण हा येन, म्हणाले,
आम्ही त्याचं काय घोडं मारलं?

फिलोमेना शनिवारी येते, शिवोलीहून पूल ओलांडून.
नवरा तारवटी, जहाजाच्या भटारखान्यात, पगार डॉलरात.
फळा न वाचताच विचारते, "आज कितें?"
रुपया घसरला की तिच्या घराची कौलं बदलतात,
खिडकीला रंग लागतो.
ती हसते, आणि लगेच तोंडावर हात ठेवते,
शेजारी मयत झाल्यावर शाळेला सुट्टी मिळालेल्या पोरासारखी.
"देशाचें वायट जाता तेन्ना म्हजें बरें जाता," म्हणाली एकदा,
"हें पाद्रीक सांगूंक जाय काय ना?"
मी नोटा यंत्रात घातल्या.
त्याच्या फरफरीत उत्तर द्यायचं राहून गेलं.

रूबल आम्ही घेत नाही.
तरी फळ्याच्या तळाशी, बारीक अक्षरात, मी तो लिहायचो
गालिनासाठी. पेन्शनीवर हिवाळा काढायला यायची,
चार महिने, मागच्या गल्लीत खोली.
त्या डिसेंबरात ती फळ्यासमोर उभी राहिली,
रिपोर्ट वाचावा तशी.
मग माझ्या हातून मार्कर घेतला,
आपल्या आकड्याशेजारी गेल्या वर्षीचा दर लिहिला,
मिनिटभर पाहिलं,
आणि बाहीने पुसून टाकला.
सात आठवड्यांनी खोली रिकामी झाली.
खोलीवालीने नवा फ्रिज परत केला.
पोदेर सांतानने पावाची किंमत वाढवली नाही,
पाव तेवढा लहान केला.

परवा गटार खणताना केबल तुटली.
पडद्यावर दर येईना.
फळा पुसून झालेला, नवं लिहायला काही नाही.
तीन तास रुपया कुठेच नव्हता.
विश्रामबाब पायरीवर बसले.
फिलोमेना आली, आज कितें विचारलं,
मी म्हटलं, ठाऊक नाही,
आणि तिला हे इतकं नवीन वाटलं
की पिशवीतले दोन पाव काढून तिने आम्हाला दिले.
आम्ही खाल्ले. लहान होते. गरम होते.

लाईन आली तेव्हा सव्वाचार.
एकोणीस पैसे, आमच्या गैरहजेरीत.
कुणाच्या बाजूने, हे बघायला
ती चष्मा शोधत उठली.
मी मार्करचं टोपण काढलं.